खोटे चार दिवस

२४ जून १९९१, सोमवार. सावदा

शाळेतून आले तर आई दारातच उभी. डोळ्यांनी मागच्या पडवीकडे खूण. म्हणजे आजपासून चार दिवस बाहेर. कॅलेंडरवर तिचं पेन्सिलीचं टिंब होतंच, माझंच लक्ष नव्हतं. चटई, वेगळा तांब्या, वेगळं ताट आणि मी.

चोवीस वर्षांची घोडी झाले. आजवर एकदाही पाळी आलेली नाही, आणि दर महिन्याला न चुकता बाहेर बसते! चौदाव्या वर्षी आईने हे सुरू केलं. काकूची मंगल माझ्याहून दीड वर्षाने लहान, ती आधी बसली. एका चुलीवर जेवणाऱ्या घरात लपतं कुठे? काकूने सरळ विचारलं, "आपल्या निमीचं काय वं, वयनी?" पुढच्याच आठवड्यात मी पडवीत. दहा वर्षं झाली. मंगलला दोन पोरं झाली. आईची एक तारीख चुकली नाही.

खरं सांगायचं तर पडवी वाईट नाही, कोणी काम सांगत नाही. पण पाय नुसते शिवशिवतात. उठले, बसले, उठले. तिसरीच्या चाळीस वह्यांना समास आखून झाले.

२६ जून, बुधवार

नाना पडवीच्या बाहेर उभे राहून, दुसरीकडे बघत बोलले. धुळ्याचं स्थळ. मुलगा पंचायत समितीत क्लार्क, वय एकतीस, वडील नाहीत, घरात आई आणि तो. फोटो पसंत.

फोटोत मी खुर्चीवर बसलेय. उभी असते तर? चार फूट चार इंच. सातवीतल्या पोरी माझ्या डोक्यावरून फळा वाचतात.

विचारलं, "नाना, उंची कळवली का?"

"कळवली ना. लहानखुरी म्हनून लिहलं."

लहानखुरी. बरं. आणि बाकीचं? बाकीचं नानांनाही धड माहीत नाही, आईने सांगितलंय की 'अशक्तपणा आहे'.

६ जुलै, शनिवार. जळगावहून परत

डॉ. बाईंकडे. सोबत आई. जानेवारीत रक्त मुंबईला पाठवलं होतं, त्याचा कागद बाईंच्या फायलीत. तेव्हा नुसतं 'हो हो' केलं होतं. आज म्हटलं, नीट सांगा.

माणसाच्या पेशीत शेहेचाळीस क्रोमोझोम असतात. माझ्यात एक कमी. पंचेचाळीस. जन्मापासूनच. म्हणून उंची थांबली, म्हणून लहानपणी कान वाहायचे (डाव्याने अजून कमी ऐकू येतं), म्हणून मान अशी रुंद, म्हणून पाळी नाही. नाव टर्नर सिंड्रोम. चिठ्ठीवर लिहून घेतलं. कुणा परक्याचं नाव अंगात घेऊन चोवीस वर्षं हिंडतेय, आणि ओळख आत्ता.

"कोणाची चूक नाही," बाई आईला म्हणाल्या. "तुमची नाही, ग्रहणाची नाही, कोणाच्या नजरेची नाही." आई पदराने नाक पुसत होती. माझ्या वेळी ग्रहणात ती विळीवर बसली होती, हे मी लहानपणापासून ऐकतेय. सुटली बिचारी. सुटली का?

छातीला नळी लावून बाईंनी बराच वेळ ऐकलं. बी.पी. जरा वर. हृदय दरसाल तपासायचं. जानेवारीपासूनची पांढरी गोळी चालूच राहील, ऑगस्टपासून महिन्यातले दहा दिवस पिवळी पण. पिवळी थांबली की चार-पाच दिवसांत पाळी येईल. "गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत. हाडं ठिसूळ होतात." मग आईकडे वळून, एकेक शब्द सुटा करून: "पाळी येईल ती गोळ्यांनी येईल. मूल होणार नाही."

आई मान डोलवत होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच माझा हात दाबून म्हणाली, "आयकलं ना? येईन म्हने!"

पुढचं वाक्य ऐकलंच नाही तिने. कान माझा खराब आहे की हिचा?

७ जुलै

छाती दुखते. पांढऱ्या गोळीने. चौदाव्या वर्षी व्हायचं ते चोविसाव्या वर्षी होतंय, आणि सांगायला मैत्रीण नाही. सगळ्या सासरी, आपापल्या पोरांचे जुलाब निस्तरतायत. चिडचिड होते आणि हसूही येतं.

१४ जुलै, रविवार

धुळेकर येऊन गेले. ते आणि त्यांची आई.

मी पोहे घेऊन गेले तर आईने पटकन पाट पुढे सरकवला, "बस बस." मी मुद्दाम उभी राहिले. काय असेल ते बघून घ्या एकदाचं. त्यांच्या आईने वरून खाली बघितलं (वेळ लागला नाही) आणि म्हणाली, "पोर धाकली दिसस वं!" नाना खाकरले. मग ती स्वतःच हसली. "शे ते बरं शे. मना घरना दरवाजा बी धाकला शे. आमना वसंत रोज कपाळ फोडी लेस." मला इतकं हसू आलं की बशी कलंडली.

धुळेकर जाड भिंगांचे. मिशीला मोहरी चिकटलेली, कोणी सांगेना. एकच विचारलं, "मुलं ऐकतात का तुमचं?" म्हटलं, "ऐकतात. मला वाकून बोलावं लागत नाही, सरळ डोळ्यांत बघते." त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

नंतर स्वयंपाकघरात त्यांची आई माझ्या आईला हळूच, "पोरनं बठ्ठं टाइमशीर शे ना?" आणि आई तिकडून, "अगदी घड्याळावानी."

मी दारामागे उभी. घड्याळावानी!

माणूस डोक्यातून जात नाहीये. आवडला का? कोणास ठाऊक. मोहरी आठवते.

८ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा पडवी, आणि या वेळी अकरा दिवस आधी. कानबाई देवीचा रविवार अठराला, विसर्जन एकोणीसला, आणि माझं टिंब नेमकं एकोणीसवर. म्हणून आईने खोडरबराने टिंब पुसून आजवर आणलं. सणाला नैवेद्याचे रोट करायला हात हवेत. म्हटलं, "काकू विचारेल, लवकर कशी?" तर म्हणते, "होते कधी कधी. खऱ्या बायांचंबी होते."

खऱ्या बायांचं! बोलून गेली, मग गोरीमोरी झाली. मी जेवले नाही. ताट तसंच परत. पिवळी गोळी मात्र घेतली, पाचवी.

१८ ऑगस्ट, रविवार. कानबाई

सकाळी न्हाणीघरात आले आणि बघितलं. आली.

खाली बसले. आनंद म्हणावा तर तोही नाही. भीती वाटली, कंबर मोडल्यासारखी दुखत होती, आणि वर राग. आजच? आज देव बसलाय घरात! बाहेर चौरंगावर कानबाई मांडलेली, नारळाला नथ घालून, आणि काकू हाका मारतेय, "निमे, रोटाचं पीठ मळ वं, हात चालव."

दहा वर्षं नसताना बसले. आज असताना काय करू? सांगावं तर दहा दिवसांपूर्वीच बसून झालेय. आईच्या टिंबाने मला चांगलीच अडकवली.

गेले. मळलं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाच्या सव्वा मुठीचं पीठ, सगळं मी मळलं. कानबाईकडे बघितलं, म्हटलं, बाई, तूच बाई आहेस, तुला सगळं दिसतंय, रागवायचं तर माझ्या एकटीवर रागव. रोट छान फुगले. आमच्यात लग्न झालेल्या लेकीला रोट मिळत नाही, म्हणून काकूने मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला, "खाय, यंदाचा शेवटचा तुहा." डोळे भरून आले ते तिखटाने म्हणून सांगितलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

कानबाई नदीवर गेली. बाया फुगड्या खेळत होत्या. आईला बाजूला ओढून सांगितलं. वाटलं आता मारते, देवाचं बाटवलंस म्हणून. तर ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून रडायलाच लागली. भर वाळवंटात! "झाली वं माही पोरगी, झाली." मी म्हणतेय, "आई, गोळीने आली गं, गोळीने," पण ऐकतंय कोण. परत येताना चालत नव्हती, उडत होती.

एक कबूल करते. तिला एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. क्षणभर मलाही वाटलं की झाले मी.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

धुळ्याची पसंती आलीच होती, आज आपला होकार गेला. नानांनी स्वतः पत्र टाकलं. साखरपुडा दसऱ्यानंतर, वीस ऑक्टोबर.

आणि गोळ्या नाहीत. डबा पालथा घातला. आई शांतपणे तांदूळ निवडत होती. "टाकल्या गोया. आते कशाले? आली ना एकदा, आता येत राहीन. नवसाचीच आली ती, कानबाईच्या दिवशी."

ओरडले. हाडं, हृदय, बाई काय म्हणाल्या, सगळं ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "हळू बोल, काकू आयकते."

हात् तिच्या काकूच्या!

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा करून एकटी जळगावला. बाईंनी पुन्हा लिहून दिल्या. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "ज्यांच्याशी लग्न करतेयस त्यांना माहीत आहे?"

चिठ्ठीची घडी घालत राहिले.

"लपवून गोळ्या किती वर्षं घेशील? ह्या पंचवीस-तीस वर्षं घ्याव्या लागतील."

गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवल्यात, खडूंच्या खोक्यामागे.

५ सप्टेंबर

मन कशात नाही. मुलांना बेरीज सांगताना वजाबाकी केली. एक पोरगी म्हणाली, "बाई, चुकलं." पुसलं, पुन्हा चुकवलं.

सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर दोन वर्षांनी 'अजून काही नाही का' सुरू होईल. मग उपास, मग नवस, मग दुसरी बायको. आणि मी धुळ्याच्या कुठल्यातरी मागच्या खोलीत. मला लग्न हवंय. लाज कसली, हवंय. संध्याकाळी घरी आल्यावर आपलं म्हणून कोणीतरी कपाळ चोळत आत आलेलं हवंय. पण असं नको.

१७ सप्टेंबर, मंगळवार. धुळे

घरी सांगितलं, शिक्षकांचं शिबिर आहे. गेले.

बसमध्ये कंडक्टरने न विचारता अर्धं तिकीट फाडलं. "कितवीला, बाळा?" म्हटलं, "तिसरीला. शिकवायला. पूर्ण द्या." अख्खी बस वळून बघायला लागली. पारोळ्यापर्यंत एक म्हातारा माझ्याकडे टक लावून. बघ बाबा.

कचेरीत धुळेकर मला बघून खुर्चीतून उठताना टेबलाला अडखळले. समोरच्या चहाच्या दुकानात बसलो. मी काही प्रस्तावना केली नाही, चिठ्ठी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. क्रोमोझोम, गोळ्या, बी.पी., पडवीसुद्धा. शेवटी, "मूल होणार नाही. कधीच नाही." चहावर साय धरली.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग, "दुखतं का काही?"

हा प्रश्न मला आजवर एका डॉक्टरशिवाय कोणी विचारलेला नाही. तिथेच रडले. दुकानदार बघतोय, मी नाक पुसतेय, काय शोभा!

मग म्हणाले, "माझी काही हरकत नाही. खरंच नाही. पण आईला नको सांगायला. माझ्या मुलाला मांडीवर घ्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात आहे. तिला नाही झेपायचं."

"मग किती दिवस लपवायचं?"

"निभेल. तुम्हाला सवय आहेच की. फारच झालं तर दोष माझ्यात आहे म्हणून सांगू."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्यांनी स्टँडपर्यंत पोचवलं. बसच्या खिडकीशी उभे राहिले, बस सुटेपर्यंत.

१८ सप्टेंबर

आवडला. लिहून टाकलं. आता काय करायचं ते करा.

२० सप्टेंबर

आणि राग पण त्याचाच. 'सवय आहेच की.' म्हणजे या पडवीतून त्या पडवीत. इथे आईचं टिंब, तिथे त्याचं. चांगुलपणाने बोलला, म्हणून तर जास्त लागतं. वाईट बोलला असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

पाळी वेळेवर आली, दुसरी. गोळ्या परत चालू आहेत हे घरी कोणाला सांगितलं नाही. आई समजते की गोळ्यांशिवाय आली. ती आतल्या आत नारळ फोडतेय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

त्यांचं आंतरदेशीय. शाळेच्या पत्त्यावर. 'गोळ्यांची नावे कळवा, येथील दुकानात मिळतात का विचारून ठेवतो. घरी पित्ताच्या म्हणून सांगता येईल. आपले ठरले आहे तेवढे लक्षात असू द्यावे.' खाली आणखी काहीतरी लिहून खोडलंय. उजेडात धरून बघितलं, लागलं नाही.

ठरलंय कुठे? मी कधी ठरवलं?

९ ऑक्टोबर, बुधवार

आज मागे विहिरीवर धुणं. काकू आणि मी दोघीच. काकू गोधडी आपटता आपटता, माझ्याकडे न बघता, "लग्नाआधी त्याले सांगून टाक, निमे."

"काय?"

"तुले येत नव्हती ते."

साबण हातातून निसटला. म्हणे, "दहा वर्ष या विहिरीवर सारं धुणं मी धुते. चार दिवस बाहेर बसलेल्या पोरीचं एक फडकं वाळत पडलेलं पाह्यलं नाही कधी. तुही आई तारखा सांभाळे, पन धुणं इसरली."

दहा वर्षं! आम्ही काकूसाठी नाटक करत होतो आणि काकू आमच्यासाठी. म्हटलं, "मग बोलली का नाहीस गं?" म्हणाली, "तुह्या आईचं तोंड पाहून. कानबाईच्या दिशी फडकं पाह्यलं, या वेळी खरं हाये. मले बरं वाटलं." म्हणजे तिला माहीत होतं मी तशीच पीठ मळतेय! आणि मोठा तुकडा मलाच वाढला.

दोघी पिळे घालत राहिलो. मी रडत नव्हते, हसतही नव्हते. काय होतं ते कळत नाही. दहा वर्षांचे चार-चार दिवस कोणासाठी?

११ ऑक्टोबर

आईला काकूचं सांगितलं नाही. तिचं तोंड पाहून. बघा, मीही तेच करतेय.

१३ ऑक्टोबर, रविवार

त्यांची आई आलीय. नवरात्राची मनुदेवीच्या दर्शनाला आली होती, शेजारणीसोबत, तशीच इकडे. अंगठीसाठी बोटाचं माप घ्यायला. धुळेकर नाहीत सोबत. ओसरीवर खाटेवर बसलीय, आई पुढे पुढे करतेय, काकू चूल फुंकतेय.

माझं बोट दोऱ्याने मोजता मोजता म्हणाली, "कितलं बारीक बोट शे वं. मना नातूनं बी असंच बारीक ऱ्हाई." आई हसली. मोठ्याने. मला आईचं हसणं ऐकवेना.

मग दोरा दाताने तोडून ती माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, "काय वं बेटी, येशी ना नवसले मनासंगे? पहिला पोर्‍या व्हवू दे, देवीले पाळणा वाहसूत."

आईचे डोळे माझ्यावर. नको, नको, नको. काकू चुलीपाशी फुंकायची थांबली.

मी म्हटलं, "मावशी, जरा आतल्या खोलीत येता? तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

आई बशी ठेवून उठली. "अवं बोलशीन नंतर, चहा तरी घेऊ दे त्यायले," आणि मला दंडाला धरून दारापर्यंत ओढत आणलं, दातांतल्या दातांत, "जीव देईन मी, सांगते." मी हात सोडवला. पहिल्यांदा सोडवला.

आता मी आतल्या खोलीत. त्यांचं पत्र, बाईंची चिठ्ठी, दोन्ही समोर. मी त्यांच्या आईला सांगितलं हे कळलं की धुळेकर मोडतील का? तेच मोडतील, मावशी राहू दे. हात थांबत नाहीत म्हणून लिहितेय. बाहेर आई तिला पुन्हा पोहे वाढतेय, पुन्हा साखर विचारतेय, केळी घ्याच म्हणतेय. थांबवून धरलंय नुसतं.

मावशी येते म्हणाली होती, "चहा पीसन येस, बेटी."

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला आत्ता. खाट करकरली. उठली वाटतं.